राखीव गडी

कबड्डीच्या नियमपुस्तकात एक छोटे कलम आहे. संघात दहा ते बारा खेळाडू असावेत, त्यांतले सात मैदानात उतरतील, उरलेले राखीव राहतील. मध्यंतरात किंवा 'टाइम आउट' घेतला असता पंचांच्या परवानगीने राखीव खेळाडूला आत घेता येईल. इथवर विशेष काही नाही. पुढचे वाक्य मात्र थांबून वाचावे असे आहे. जो खेळाडू बाद होऊन बाहेर बसला आहे, त्याच्या जागी बदली खेळाडू घेता येत नाही. बदली होते ती मैदानात 'जिवंत' असलेल्या खेळाडूचीच. ज्याचा घोटा मुरगळला, खांदा निखळला, तो खेळाच्या हिशेबाने अजून जिवंत असेल तर त्याची जागा भरता येते. ज्याला चढाई करणाऱ्याचे नुसते बोट लागले, अंगावर ओरखडाही नाही, तो मात्र 'मेला', आणि त्याची जागा रिकामीच राहते. शरीराची इजा आणि खेळातले मरण या दोन गोष्टी नियमाने इतक्या स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत की, वाङ्मयाच्या अभ्यासकाला तेथे रेंगाळावेसे वाटावे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा रेंगाळलेला मुद्दाच आहे. बचावफळीतला नेहमीचा गडी जायबंदी झाला तर त्याच्या जागी उभे राहायला मागे कोण असते, त्याला आपण काय म्हणतो, आणि त्याच्याकडे कसे पाहतो?

आरंभ आपल्याच मातीतून करू. चांदूर रेल्वे हे गाव बडनेऱ्याकडून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. जिल्ह्यात दुसरे चांदूर आहे, ते बाजाराचे. म्हणून हे रेल्वेचे. मुंबईहून निघालेला मार्ग १८६७ साली नागपूरला पोचला आणि वऱ्हाडच्या कापसाबरोबर वऱ्हाडची माणसेही हलू लागली. या भागात खेळाचा इतिहास लिहायचा तर तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापासून सुरू करावा लागतो. १९१४ साली वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, ही संस्था उभी केली. मल्लखांब, कुस्ती, लाठी, लेझीम यांच्या जोडीने आपले हुतुतू आणि खो-खो हे खेळ शिस्तीने शिकवण्याचा प्रघात तेथे पडला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत हुतुतू होता. युरोपीय प्रेक्षकांनी तो त्या प्रसंगी पाहिला, ही गोष्ट आपल्याकडे वारंवार आणि अभिमानाने सांगितली जाते. ते योग्यच आहे.

त्या अभिमानात एक बाजू मात्र झाकली जाते. प्रात्यक्षिकाला बदली गड्याचा प्रश्न फारसा नसतो. तेथे हार-जीत नसते. एक कमी असला तरी खेळ दाखवता येतो. प्रश्न उभा राहतो तो सामन्यात, आणि हुतुतूचा 'सामना' होण्यासाठी त्याला आधी नियम लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रात आणि बडोद्यात हे काम झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधण्याचा उद्योग केला, १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली, १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला जागा मिळाली आणि १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. याच काळात बडोद्याहून द. चिं. करंदीकर-मुजुमदार 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड काढत होते. खेळ हा लिहिण्याचा, व्याख्या करण्याचा विषय आहे ही जाणीव मराठीत तेव्हा जितकी ताजी होती तितकी पुढे राहिली नाही, असे माझे मत आहे.

नियम बांधणाऱ्यांपुढे हुतुतूचे तीन घाट होते आणि तिघांची नावे आपण आपल्याच पुराणांच्या भाषेतून दिली आहेत. 'अमर' प्रकारात गडी मरतच नाही. त्याला स्पर्श झाला की प्रतिपक्षाला गुण, तो मात्र उभाच. 'गामिनी'त गेलेला गडी गेला. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्याने परत यायचे नाही. आणि 'संजीवनी'त आपल्या गड्याने शत्रूचा गडी मारला की आपला एक मेलेला गडी उठतो. पुढे राष्ट्रीय नियमांत मान्य झाली ती संजीवनी. कचदेवयानीच्या कथेतली शुक्राचार्यांची विद्या अशी मातीच्या मैदानात उतरली. फरक इतकाच की, पुराणात ती असुरांकडे होती, येथे ती दोन्ही पक्षांना सारखी वाटून दिलेली आहे.

संजीवनीतील एक बारकावा फार बोलका आहे. बाद झालेले गडी बाहेर ठरलेल्या जागेत क्रमाने बसतात आणि उठतातही त्याच क्रमाने. पहिला मेलेला पहिला जिवंत होतो. संघाला गरज आहे ती कोपऱ्यातल्या भरवशाच्या गड्याची, पण तो तिसरा बाद झाला असेल तर आधीच्या दोघांना उठवल्याखेरीज तो उठत नाही. याउलट राखीव गड्यांच्या बाकावर क्रम नसतो. तेथे कोणाला उठवायचे हे प्रशिक्षक ठरवतो. मैदानाबाहेर बसलेल्यांचे असे दोन गट असतात: एका गटाला नियमाने परतीचा हक्क आहे, दुसऱ्याला केवळ शक्यता. प्रेक्षकाला दोन्ही सारखेच दिसतात. गुडघे छातीशी घेऊन बसलेली माणसे.

आता फळीकडे येऊ. सात जणांची बचावफळी म्हणजे सात सुटी माणसे नव्हेत. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी हात धरून उभे असलेले त्यांचे जोडीदार, मध्ये मध्यरक्षक. चढाईचा गडी आत आला की ही फळी विळ्यासारखी वाकते, मागे सरते, पुन्हा पुढे येते. कोपऱ्यातला गडी घोट्याला झडप घालतो. पण ती झडप यशस्वी होते ती शेजारच्याने त्याच क्षणी अंग झोकून परतीची वाट अडवली तर. एक क्षण उशीर झाला की चढाई करणारा दोघांना घेऊन मध्यरेषा गाठतो. हे वेळेचे गणित शब्दांनी शिकवता येत नाही. ते शेजारच्याच्या हाताच्या पकडीतून कळते. त्यामुळे कोपऱ्यातला गडी जायबंदी झाला की संघ एक माणूस गमावतो, आणि त्याबरोबर दोन माणसांमधली ओळखही गमावतो. राखीव गडी अंगाने कितीही चांगला असो, ती ओळख त्याच्याकडे नसते.

म्हणून जाणते प्रशिक्षक बहुधा सरळ बदल करत नाहीत. कोपरा गेला तर मध्यातला अनुभवी गडी कोपऱ्यात सरकवतात आणि नव्याला मध्ये, दोन्ही बाजूंनी आधार असेल अशा जागी उभे करतात. एका दुखापतीने दोन जागा बदलतात. फळीची खोली म्हणतात ती हीच: बाकावर किती जण आहेत यापेक्षा, आत असलेल्यांपैकी कितीजण दुसऱ्याची जागा घेऊ शकतात. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये प्रत्येक जागेसाठी पहिला, दुसरा, तिसरा असा लेखी तक्ता ठेवतात, आणि आघाडीच्या बचावपटूचे हाड मोडले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्या तक्त्यावर रकानेच्या रकाने खर्ची पडतात. आपल्याकडे हा तक्ता प्रशिक्षकाच्या डोक्यात असतो. खेड्यातल्या संघात तर तो कोणाच्याच डोक्यात नसतो. दिवाळीनंतर वावरातली कामे सरत आली की वऱ्हाडात ठिकठिकाणी खुले सामने होतात. तेथे सातांच्या मागे जे दोन-तीन असतात, ते बरेचदा सामानाची राखण करायला आणि ओरडायला आलेले असतात. त्यांच्यातल्या एखाद्याला अचानक चड्डी चढवावी लागते आणि मग गावाला कळते की हाही खेळतो.

सैन्याच्या इतिहासात या खोलीची किंमत मराठी माणसाने एकदा फार मोठी मोजली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता, हे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. अब्दालीने त्या वेळी दोन गोष्टी केल्या: पळणाऱ्यांना धाकाने परत फिरवले आणि मागे राखून ठेवलेली ताजी फौज आत घातली. भाऊसाहेबांकडे तशी मागची फळी उरली नव्हती. विश्वासराव पडले, भाऊ स्वतः गर्दीत घुसले आणि रिकाम्या झालेल्या जागेत उभे राहायला कोणी नव्हते. शेजवलकरांपासून पुढे अनेकांनी पानिपताची कारणे मांडली आहेत, आणि उपासमारीपासून राजकारणातल्या एकटेपणापर्यंत ती खूप आहेत. पण संध्याकाळपर्यंतच्या त्या काही तासांपुरते बोलायचे तर प्रश्न बदली फळीचाच होता.

खेळाकडे परत येऊ. १९३६ च्या त्याच बर्लिनमध्ये, जेथे अमरावतीचे पथक होते, हिंदुस्थानचा हॉकी संघही होता. ध्यानचंद कर्णधार. सरावाच्या सामन्यात जर्मनीने या संघाला ४-१ असे हरवले आणि संघाची झोप उडाली. आघाडीच्या फळीत एक जागा नीट भरलेली नाही हे ध्यानचंदांना दिसले. मायदेशी निरोप गेला आणि दारा या सैन्यातील खेळाडूला विमानाने बर्लिनला आणण्यात आले. तो उपान्त्य सामन्यापूर्वी पोचला. १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात हिंदुस्थानने जर्मनीला ८-१ ने हरवले. बाकावर माणूस नव्हता तेव्हा तो समुद्रापलीकडून आणला गेला, आणि आणलेला माणूस जागेवर बसला. ज्याच्या जागी तो आला त्याचे नाव मात्र आपल्याला सहसा आठवत नाही.

नागपूरचे सी. के. नायडू यांचे उदाहरण याहून जवळचे. १९३२ साली हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला. कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. महाराजांनी स्वतःची मर्यादा ओळखून बाजूला होण्याचा शहाणपणा दाखवला आणि लिंबडीकरांची पाठ दुखावली. संघाची धुरा नायडूंकडे आली ती अशी, दोन माणसे बाजूला झाल्यावर. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला जबर मार लागला. तरी पहिल्या डावात संघाच्या सर्वाधिक चाळीस धावा त्यांच्याच. त्या हाताच्या जागी दुसऱ्याचा हात चालणार नव्हता. क्रिकेटमध्ये बदली खेळाडूने धावायचे, चेंडू अडवायचे. फलंदाजी-गोलंदाजी करायची नाही, हा दंडक फार जुना. तो मोडला २०१९ मध्ये, डोक्याला इजा झालेल्या खेळाडूपुरता. त्याच लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन पूर्ण हक्काचा खेळाडू म्हणून उतरला.

फुटबॉलमध्येही असेच. इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५ पर्यंत बदली खेळाडूच नव्हता. एखाद्याचा पाय मोडला तर दहा जणांनी खेळायचे. १९५६ च्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मानेचे हाड मोडलेल्या अवस्थेत शेवटपर्यंत खेळला. ही कथा शौर्याची म्हणून सांगतात. मला ती नियमाच्या निष्ठुरपणाची वाटते. विश्वचषकात बदली खेळाडू आला तो १९७० मध्ये. म्हणजे 'जायबंदी माणसाने खेळू नये' ही साधी गोष्ट मान्य करायला या खेळाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आपल्या वाङ्मयात राखीव गड्याची सर्वांत मोठी कथा कोणती, असे कोणी विचारले तर मी अभिमन्यूचे नाव घेणार नाही. चक्रव्यूह आणि कबड्डी यांची सांगड लोक नेहमी घालतात आणि तिच्यात तथ्यही आहे: एकटा आत शिरलेला, परतीची वाट बंद. जयद्रथाने अडवले ते अभिमन्यूला नव्हे, त्याच्या मागून येणाऱ्या पांडवांना. मागची फळी तोडली की पुढचा मेलाच. पण राखीव गडी म्हणून पाहायचे तर कर्णाकडे पाहावे लागते. भीष्म सेनापती असेपर्यंत कर्ण लढला नाही. दहा दिवस कुरुक्षेत्राचा आवाज त्याने शिबिरात बसून ऐकला. दहाव्या दिवशी भीष्म पडले. मेले नाहीत, पडले. जायबंदी झाले. आणि मग कर्ण उठला. आत येण्यापूर्वी तो शरशय्येपाशी जातो, ज्याच्यामुळे दहा दिवस बाहेर बसलो त्याच्यासमोर उभा राहतो आणि लढण्याची अनुमती घेतो. इतकेच नव्हे, रिकाम्या झालेल्या सेनापतिपदासाठी तो स्वतःचे नाव पुढे करत नाही, द्रोणांचे सुचवतो. म्हणजे येथेही एका जागेसाठी दोन माणसे सरकतात. 'मृत्युंजय' वाचून वाढलेल्या आपल्या पिढीने कर्णाचे दुःख जन्माच्या बाजूने फार पाहिले. त्या दहा दिवसांच्या बाजूने पाहायचे राहून गेले, असे वर्गात शिकवताना मला अनेकदा वाटते.

त्या दहा दिवसांत कर्णाच्या मनात काय असेल? येथे राखीव गड्याचा खरा पेच आहे. त्याला खेळायचे आहे, आणि त्याला खेळायला मिळते ते दुसऱ्याला इजा झाली तर. उर्दू कवी इफ्तिखार आरिफ यांची 'बारहवाँ खिलाड़ी' ही नज्म या पेचावरच उभी आहे. इच्छा धरावी तर ती आपल्याच सोबत्याच्या अपघाताची इच्छा होते. धरू नये तर बाकावर बसण्याला अर्थ राहत नाही. 'राखीव' या शब्दात एक मायेची छटा आहे, राखून ठेवलेले, जपलेले. 'बदली' या शब्दात ती नाही.

मराठीत 'बदली'चा अर्थ खेळाच्या मैदानावर ठरला नाही. तो मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकावर ठरला. पहाटे भोंगा वाजण्याआधी बदली कामगार फाटकाशी उभे राहायचे. आत कोणी आजारी, कोणी गावी गेलेला, कोणाचा हात यंत्रात सापडलेला; तेवढ्या जागा त्या दिवसापुरत्या भरायच्या. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी या पद्धतीला नियमांत बसवले, पण मूळ गोष्ट तीच राहिली: दुसऱ्याची गैरहजेरी हीच माझी हजेरी. लालबाग-परळच्या ज्या चाळींतून हे कामगार यायचे, त्याच चाळींच्या मंडळांनी मुंबईची कबड्डी घडवली. संध्याकाळी मैदानावर पहिल्या सातांत असलेला गडी सकाळी फाटकावर बदली असू शकत होता. वऱ्हाडात 'गडी' हा शब्द उच्चारला की शेतकऱ्याला आधी सालगडीच आठवतो, हेही येथे नोंदवून ठेवायला हवे. खेळातला गडी आणि राबणारा गडी यांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे.

आमच्या व्यवसायातही हा बाक आहे. प्राध्यापक निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, आणि तासिका तत्त्वावर एखादा नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला मुलगा वर्षानुवर्षे ती जागा सांभाळतो. कोपऱ्यात उभा राहतो, झडप घालतो, गुण मिळवतो. हजेरीपटावर मात्र राखीवच. कबड्डीचा नियम येथे उलटा लागू होतो असे म्हणावे लागेल. तेथे मेलेल्याच्या जागी बदली चालत नाही, येथे रिक्त जागेवर बदलीच चालते.

अलीकडचे एक उदाहरण देतो. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. चढाईही करणारा आणि पकडीतही उपयोगी पडणारा. पुढच्या हंगामात, २०२४ च्या अखेरीस, त्याचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला. कर्णधारपद आकाश शिंदेकडे आले. आकाश हा काही नवखा नव्हे, विजेत्या संघातलाच गडी. तरी पलटण त्या हंगामात बाद फेरी गाठू शकली नाही. समालोचकांनी आकडे मांडले, चढायांचे गुण मोजले. अस्लम दोन्ही बाजूंनी खेळायचा, म्हणून एका गुडघ्याने चढाईही उणी झाली आणि फळीही. हे आकड्यांच्या एका रकान्यात दिसत नाही.

त्याच नियमपुस्तकात, बदलीच्या कलमातच, आणखी एक वाक्य आहे. बदली होऊन बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेता येते. घोट्याला पट्टी बांधून, पाय झाडत, तो रेषेपाशी येऊन उभा राहतो. आतला नवा गडी मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहतो, आणि पंचाची शिट्टी होईपर्यंत शेजारच्याचा हात धरून ठेवतो.